दहावीतल्या मुलाची झोप आणि शाळेची वेळ
तुम्ही लिहिलंय की मुलगा दहावीत गेल्यापासून रात्री एकपर्यंत जागा असतो, सकाळी हलवूनही उठत नाही आणि सगळा दोष मोबाईलचा. मोबाईलचा वाटा आहेच, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या बरोब्बर वर साधारण २० हजार पेशींचा एक पुंजका असतो, तेच आपलं मुख्य घड्याळ. संध्याकाळनंतर ते मेलॅटोनिन, म्हणजे शरीराला झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं संप्रेरक, सोडायला लावतं आणि वयात येताना ही वेळच पुढे सरकते, म्हणजे दहाला दिवा बंद केला तरी पोरगं नुसतं कूस बदलत पडतं, त्यात आळस कसला? शिवाय दिवसभर साठत जाणारी झोपेची ओढ पण या वयात हळू वाढते. विशी उलटली की घड्याळ परत अलीकडे यायला लागतं.

मला तर शाळांच्या वेळाच चुकीच्या वाटतात. २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने नऊच्या आधी वर्ग भरवू नका सांगितलं ते फक्त चौथीपर्यंत, आणि ज्यांचं घड्याळ सगळ्यात उशिरा चालतं ती आठवी ते बारावीची पोरं सातच्या शाळेला पळतायत! कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक सरकारी हायस्कूलं साडेआठच्या आधी भरवायला कायद्यानेच मनाई आहे.

तोवर एक करा, उठल्या उठल्या त्याला गॅलरीत उजेडात बसवून दूध द्या, सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, आणि रविवारी बारापर्यंत झोपू देऊ नका, आठवड्याची मेहनत वाया जाते.