मदत हवी आहे: मागे पडलेल्या प्रोजेक्टवर नवी माणसं कशी सामावून घ्यावीत?

पाच जणांची सॉफ्टवेअर टीम सांभाळते. प्रोजेक्ट मागे पडलाय, म्हणून वरून आणखी तीन जण मिळणार आहेत. निर्णय झालेला आहे, नको म्हणायची सोय नाही.

माझी काळजी अशी, की पाच जणांत आपापसात बोलण्याच्या जोड्या होतात 10, आठ जणांत 28. शिवाय शिकवणार कोण? बिलिंगचा जुना कोड एकाच सहकाऱ्याला नीट माहीत आहे आणि उरलेलं सगळ्यात अवघड काम त्याच्याकडेच आहे. तो शिकवण्यात अडकला तर आहे तो वेगही जाईल. (स्वभावाने तो कुणालाच नाही म्हणत नाही, त्यामुळे त्याचा वेळ मलाच राखावा लागणार.)

ग्राहकाशी बोलून काही रिपोर्ट पुढच्या टप्प्यात ढकललेत, पण करारातली तारीख हलत नाही. कामाचे दोन-तीन दिवसांचे तुकडे केलेत. आधी "नव्वद टक्के झालंय" हेच आठवडेच्या आठवडे ऐकू यायचं, आता निदान कुठे अडलंय ते दिसतं. ओव्हरटाइम नको आहे, दमलेल्या माणसांच्या चुका निस्तरण्यातच वेळ जातो.

नवे तिघे अनुभवी आहेत, पूर्णवेळ असतील, पण घरून काम करणार. त्यांना आधी टेस्टिंग आणि डॉक्युमेंटेशन द्यावं असं वाटतं, पण अनुभवी माणसांना ते कमीपणाचं वाटेल का? ज्यांनी असं निभावलंय त्यांनी कृपया सांगा: पहिल्या महिन्यात नव्यांना नेमकं कोणतं काम दिलंत, आणि जाणकार माणसाचा दिवसातला किती वेळ शिकवण्यासाठी ठेवलात?