येत्या तीस वर्षांत माणूस आतून बदलेल का?

चौकटीबाहेर
मानवजात नव्या जाणिवेच्या उंबरठ्यावर उभी आहे, असं हल्ली फार ऐकू येतं. ध्यानवर्गांच्या जाहिरातींत, निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि आता एआयवाल्यांच्या भाषणांतसुद्धा. येत्या काही दशकांत माणूस म्हणे 'मी'पणाच्या पलीकडे जाणार.

मला हे पटत नाही. जाणीव बदलते, पण आपसूक नाही. घरात माणसं किती, शाळा किती वर्षं, म्हातारपणी पैसा कुठून येतो, कायदा कुणाच्या बाजूने, यात फरक पडला की डोक्यातही फरक पडतो.

1931-32 मध्ये सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया उझबेकिस्तानात गेला होता. निरक्षर शेतकऱ्यांना तो विचारायचा: उत्तरेला जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेमल्या तिथेच आहे, मग तिथल्या अस्वलांचा रंग कोणता? उत्तर यायचं की मी तिथे गेलेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल काय सांगणार? ज्यांना थोडं शिक्षण मिळालं होतं, ते मात्र 'पांढरा' म्हणून मोकळे व्हायचे. माणसं त्याच भागातली. विचार करण्याची रीत बदलली ती शाळेने, कुठल्या साक्षात्काराने नव्हे.

आता आपल्याकडे पाहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर 1.7 निघाला, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोनपेक्षाही कमी मुलं. एकुलत्या एका मुलाचं एकुलत्या एका मुलीशी लग्न झालं, तर त्यांच्या पोराला काका, आत्या, मामा, मावशी यांतलं कुणीच नाही. भाऊबीज नाही, कानपिळीला नवरीचा भाऊ नाही, आजोळ आहे पण तिथे आजी-आजोबांशिवाय कुणी नाही. 2050 च्या सुमारास देशातला दर पाचवा माणूस साठीच्या पुढचा असेल. या घरात वाढलेल्या मुलाचा 'आपला माणूस' कोण असेल? नवी जाणीव म्हणायचीच तर ती मला इथे दिसते. ती उंच असेल की खुजी, ते आज सांगता येत नाही.

निरंजन_बडोदेकर
लेख चांगला आहे, पण एकांगी. माणूस म्हणजे जनगणनेतला रकाना नव्हे.

सुरत काँग्रेस फुटल्यानंतर, 1908 च्या जानेवारीत, अरविंद घोष आमच्या बडोद्यात विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर एका खोलीत तीन दिवस बसले आणि त्यांचं मन पूर्ण निःशब्द झालं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या तीन दिवसांत कोणता कायदा बदलला होता? कोणता जननदर?

उलट कायदा आला आणि मन जागचं हललं नाही, याचे दाखले ढिगाने आहेत. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं 1893 मध्ये, म्हणजे कायद्याला सदतीस वर्षं झाल्यावर, तरी त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकलाच. कायदा कागदावर होता, माणसं होती तिथेच होती. आधी कर्व्यांसारखा एखादा आतून बदलतो, मग हळूहळू गाव बदलतं.

रिकामी_खुर्ची
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. चालू द्या.

आडवा_छेद
दोघेही कोणत्या समाजाबद्दल बोलताय? 1856 च्या आधीपासून महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत पाट लावायची रीत होती. नवरा मेला की बाई पुन्हा संसार मांडायची. थोडं कमी मानाचं, पण रीतसर. त्यांना ना कायदा लागला, ना योगी. आणि गंमत अशी की यांतल्या काही जातींची परिस्थिती सुधारली, तशी त्यांनी वरच्यांचं पाहून पाट बंद केला. शाळा आली, पैसा आला आणि बाईच्या वाट्याला सक्तीचं वैधव्य आलं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी संस्कृतीकरण म्हटलं ते हेच.

तेव्हा चौकटीबाहेर, तुमची शाळा-पैसा-कायदा ही गाडी उलटीही धावते. आणि निरंजनराव, तुमचा 'आधी एखादा, मग गाव' हा क्रम फक्त त्यांचा, ज्यांनी दोर आधी स्वतःच आवळला होता.

अवांतर: त्या कायद्याचं दुसरं कलम कुणी वाचलंय का? पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गेला. काही ठिकाणी जातीच्या रिवाजाने जे हातात राहत होतं, तेही या 'सुधारणे'मुळे काढून घेतलं गेलं.

पंचगंगेकाठी
आमच्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड विसरलासा काय सगळे? 4 मे 2022, शाहू महाराजांचं स्मृतिशताब्दी वर्ष. नवरा वारल्यावर कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे सगळं बंद, असा ठराव ग्रामपंचायतीनं केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना सांगितलं, असंच करा म्हणून.

मी जवळच्याच गावचा. ठराव आमच्याकडंबी झाला. म्हणून बांगड्या फोडायच्या थांबल्या का? निम्म्या घरात थांबल्या. पण एक झालं. आधी 'नको' म्हणणाऱ्या पोरीला गप्प बसवायचे, आता ती म्हणते, ठराव हाय, दाखवू का? म्हातारी बडबडती, पण हात धरत न्हाई. मन बदललंय का, मला काय ठावं! हात थांबला, एवढं बघितलंय.

चौकटीबाहेर
@पंचगंगेकाठी, मला हेच म्हणायचं होतं, आणि तुम्ही ते माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. आधी हात थांबतो. ज्या पोरांनी बांगड्या फोडताना कधी पाहिल्याच नाहीत, त्यांना उद्या ती रीत अंगावर काटा आणणारी वाटेल.

@निरंजन, तीन दिवसांत अरविंदांचं मन शांत झालं, मान्य. पण प्रश्न समाजाचा आहे. त्यांच्याच विचारावर 1968 मध्ये पुदुचेरीजवळ ऑरोव्हिल हे जगभरच्या माणसांचं गाव उभं राहिलं. उद्घाटनाला 124 देशांची माती एका कलशात पडली, पन्नास हजार वस्तीचा आराखडा झाला. आज तिथे साडेतीन हजारांच्या आतबाहेर माणसं राहतात आणि रस्ता कुठून न्यायचा, झाडं तोडायची की नाहीत, यावरून कोर्टापर्यंत भांडणं गेली आहेत. भांडणाला माझी हरकत नाही. पण अतिमानसाच्या, म्हणजे अरविंदांनी सांगितलेल्या मनापलीकडच्या जाणिवेच्या, गावातही शेवटी आराखडा आणि जमीन यांवरूनच भांडण होतं, हे लक्षात घ्या.

निरंजन_बडोदेकर
पन्नास वर्षांत उत्क्रांती मोजता? माकडाचा माणूस व्हायला किती काळ लागला? असो. ऑरोव्हिलवर मला वाद घालायचा नाही, तिथली अवस्था मलाही आवडत नाही.

पण लुरियाच्या शेतकऱ्याला तुम्ही मागासलेला ठरवलंत, ते खटकलं. 'न पाहिलेल्याबद्दल बोलणार नाही' यात एक शिस्त आहे. आज शिकलेला माणूस न पाहिलेल्या, न वाचलेल्या गोष्टींवर दिवसभर फॉरवर्ड पाठवतो. उद्या त्याच्या वतीने यंत्र विचार करील आणि तो फक्त मान डोलावील. त्याला तुम्ही जाणिवेचा विकास म्हणणार?

चौकटीबाहेर
मागासलेला म्हटलेलं नाही, पुन्हा वाचा. रीत बदलली, एवढंच म्हटलं. यंत्राबद्दलच्या भीतीशी मात्र पूर्ण सहमत. शाळेने जे दिलं, ते यंत्र काढून घेऊ शकतं.

तोक्योकर
मी बरीच वर्षं जपानमध्ये आहे. तुम्ही ज्या महाराष्ट्राची कल्पना करताय, तो मी रोज पाहतो. इथे सुमारे 29 टक्के लोक पासष्टीच्या वरचे आहेत. 2021 पासून सरकारात एकटेपणाचा प्रश्न हाताळणारा मंत्री आहे. एकटं माणूस घरात मरून पडतं आणि कित्येक दिवस कळत नाही, याला इथे स्वतंत्र शब्द आहे, आणि अशी घरं साफ करणाऱ्या कंपन्याही आहेत.

यातून नवी जाणीव उगवली का? मला एकच बदल दिसतो. आमच्या मजल्यावरच्या आजी मदत मागत नाहीत. त्यांना ते ओझं टाकणं वाटतं. पुण्यातल्या माझ्या आईला अजून शेजारणीला हाक मारायला लाज वाटत नाही. तिच्या सोसायटीत मात्र दारं बंद व्हायला लागली आहेत, आणि जपानइतका पैसा आपल्याकडे नाही. म्हातारपण आधी, श्रीमंती नंतर, असा आपला क्रम दिसतो. चौकटीबाहेर, तुमच्या लेखात याचा हिशेब नाही.

आडवा_छेद
+१. आणि ही एकुलत्यांची घरं अजून सगळीकडे नाहीत. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ऊसतोडीला जाताना मुलीला कुणाच्या भरवशावर मागे ठेवायचं, म्हणून तिचं लग्न उरकतात. मराठवाड्यातली ती मुलगी आणि बाणेरचा एकुलता मुलगा 2050 मध्ये एकाच राज्यात असतील. 'मानवजातीची जाणीव' म्हणताना दोघांपैकी कुणाची?

मालतीबाई
एरवी मी नुसतं वाचते. आज लिहिते.

मी विधवा आहे. यजमान गेले तेव्हा बांगड्या फोडल्या नाहीत, कारण माझ्या सासूबाईंनी आडवं येऊन सांगितलं, माझ्या सुनेला कुणी हात लावायचा नाही. त्या चौथी शिकलेल्या होत्या. ठराव, परिपत्रक तेव्हा काही नव्हतं. निरंजनराव, तुम्ही खूश व्हाल.

पण त्यानंतर मी ताठ मानेने राहिले ती फॅमिली पेन्शन माझ्या नावाने बँकेत येत होती म्हणून. दिरांनी दोनदा घर विकायचा विषय काढला आणि दोनदा गप्प बसले. चौकटीबाहेर, आता तुम्ही खूश व्हाल.

चौकटीबाहेर
मालतीताई, म्हणजे सासूबाईंची माया एका दिवसापुरती आणि पेन्शन आयुष्यभर. माझा मुद्दा याहून वेगळा नाही.

मालतीबाई
नाही हो. पेन्शनीच्या फॉर्मवर सही करायला मला कचेरीत घेऊन गेल्या त्या सासूबाईच. दीर म्हणाले होते, आम्ही बघतो, बायकांनी कशाला जायचं. त्या दिवशी घरी राहिले असते, तर पासबुक दिरांच्या कपाटात गेलं असतं. मला तुमच्या बाजूला धरू नका, त्यांच्याही नको. आणि आडवा_छेद, त्या ऊसतोडीच्या मुलींसाठी साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहं असतात ना? ती धड चालतात का, यावर कुणी लिहा. ते वाचायला मला जास्त आवडेल.