साधना आणि समाजकार्य यांतली भिंत

'लिहिणं, रुग्णसेवा, शिकवणं हे समाजकार्य झालं, त्याला साधना कशाला म्हणायचं?' हा एकाने मांडलेला मुद्दा मला अर्धाच पटला. प्रत्येक कार्यशाळेला 'आध्यात्मिक' लेबल लावायची आपल्या पुण्यात फॅशन आहे, ते खरंच. पण रमाबाई रानडे कुठल्या खान्यात बसवणार? १९०१ साली त्यांचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे गेले, १९०९ मध्ये रमाबाईंच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन ही संस्था उभी राहिली. तिथे बायका शिकल्या आणि नर्सिंगसाठी ससून रुग्णालयात गेल्या, तेही हे काम घरंदाज बाईचं नाही असं समजलं जायचं त्या काळात. १९१० मध्ये रमाबाईंच्या आठवणींचं पुस्तक आलं. म्हणजे तिन्ही गोष्टी एकाच बाईच्या आयुष्यात, आणि घर प्रार्थना समाजाच्या, म्हणजे एकेश्वराची उपासना करणाऱ्या सुधारकांच्या, वळणाचं.

माझी मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती, नंतर नर्सिंगच्या मुलींना शिकवायची. देवपूजा यथातथाच. पण नाइट ड्यूटीहून आली की चहा गार होईस्तोवर दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर काहीतरी लिहीत बसायची. एकदा डोकावलो तर एवढंच होतं : 'सात नंबरच्या आजींवर आज ओरडले. उद्या आधी त्यांच्याकडे जायचं.' विद्यार्थिनींनाही तिचं पहिलं सांगणं हेच असायचं, की ड्रेसिंग करताना आधी माणसाच्या चेहऱ्याकडे बघा, जखमेकडे नंतर. याला समाजकार्य म्हणा हवं तर. तिने स्वतः दोन्हीपैकी काहीच म्हटलं नाही, 'ड्यूटी' म्हणायची.