मदत हवी आहे: भावाचं तोंड दीड बोटच उघडतं, दाढेच्या ऑपरेशनला जागेपणी नाकातून नळी घालणार म्हणतात

नमस्कार. मी कोल्हापूरची, फुलेवाडीला राहते. दादासाठी विचारतेय, वय ३६. दहा-बारा वर्षं मावा (सुपारी-तंबाखूचा) खायचा. दीड वर्षापूर्वी सोडला, पण तोंड आखडलं ते आखडलंच. भाकरी आमटीत कुस्करून खातो. डॉक्टरांनी सबम्युकस फायब्रोसिस सांगितलंय, म्हणजे गालाच्या आतल्या त्वचेखाली कडक पट्टे तयार झालेत. त्यात खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या, वर्षात तीनदा गाल सुजला. गालातले पट्टे सोडवायचे आणि दाढा काढायच्या, दोन्ही एकाच वेळी, पूर्ण भूल देऊन.

पहिल्या ठिकाणी म्हणाले, "झोपेचं इंजेक्शन दिलं की तोंड सैल पडेल, मग श्वासाची नळी टाकू." नळी टाकताना आत बघायची दुर्बीण आहे का विचारलं तर "लागत नाही". दुसरीकडच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी मान, हनुवटी, जीभ सगळं बघितलं आणि म्हणाल्या, याला आधी झोपवणार नाही. जागेपणीच नाकातून दुर्बिणीवर नळी घालू, मग भूल.

हे ऐकून दादा हबकलाय. तालमीत वाढलेला माणूस, पण रात्री झोपत नाही. "मला पहिल्याच ठिकाणी ने" म्हणतो. मला मॅडमचं पटतंय, पण त्याला कसं समजवावं कळत नाही.

आणखी एक. कुस्तीत त्याचं नाक मोडलं होतं, उजवी नाकपुडी तेव्हापासून चोंदलेली असते. हे मॅडमना सांगायचं राहून गेलं. सांगायला हवं का? आणि अशी नळी कुणी घालून घेतली असेल तर कितपत त्रास होतो, कृपया खरं सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी भूलतज्ज्ञ आहे. पेशंट तपासलेला नाही, म्हणून फक्त कारण सांगतो. सुजेमुळे जबडा आवळला असेल तर भूल दिल्यावर पुष्कळदा सैल पडतो. फायब्रोसिसचे पट्टे स्नायूंचे नसतात, ते कुठल्याच इंजेक्शनने सैल होत नाहीत. झोपवल्यावर जीभ मागे पडते, श्वास थांबतो. तेव्हा मास्कने हवा गेली नाही आणि तोंडही उघडत नसेल, तर प्राणवायू मिनिटांत उतरतो आणि गळ्याला छेद देण्याची वेळ येते. जागा असला की दादा स्वतःच श्वास घेत राहतो. धोका टळतो तो तिथे. नाकातून नळी घातली की तोंड सर्जनला मोकळं मिळतं.

नाकाचं आजच सांगा. रुंद नाकपुडी निवडावी लागते, नाहीतर रक्त येतं आणि दुर्बिणीतून काही दिसत नाही. आधी नाक मोकळं करणारे थेंब, लाळ कमी करणारं इंजेक्शन आणि घसा बधिर करायला लिग्नोकेन देतात, सोबत गुंगीचं हलकं औषध. नळी श्वासनलिकेत गेली की बाहेर पडणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावर खात्री करतात आणि लगेच झोपवतात. मॅडमना दोन गोष्टी विचारा: घशात गॉज (जाळीदार कापडाची पट्टी) ठेवणार असतील तर तो काढल्याची नोंद कोण करतं, आणि नळी केव्हा काढणार. पूर्ण शुद्धीवर आल्यावरच काढायला हवी. उपाशी राहण्याबाबत चालढकल नको: हलकं खाणं ६ तास आधी, साधं पाणी २ तास आधी बंद.

प्रतिसाद २
मी अशी नळी घालून घेतलीय, सांगलीला. औषध कडू लागतं, घसा आपला नाहीसा वाटतो, गिळताना घाबरायला होतं. दुखलं नाही, खोकला आला. नळी आत गेल्यावर आवाज निघत नाही, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. दादाला हाताची खूण ठरवून घ्यायला सांगा. मी हात वर केला की ते थांबायचे.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. दादाला दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. हाताच्या खुणेचं परत वाचायला लावलं त्याने. मॅडमना फोन केला, नाकाचं सांगितलं. सीटीची फिल्म आणि तोंडाचे जुने फोटो घेऊन सोमवारी बोलावलंय. दादा येतो म्हणालाय.