चिपची दिशा आणि भिंतीवरची कडा

गाडीच्या हेडलाइटमध्ये हॅलोजनऐवजी एलईडी बल्ब लावला की वीज कमी लागते, असं सांगतात ते मान्य, पण 'नुसता बल्ब बदला, झालं काम' हे अजिबात पटत नाही. एच-४ हॅलोजनमध्ये लो बीमच्या (जवळच्या, खाली पडणाऱ्या झोताच्या) फिलामेंटखाली, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारेखाली, पत्र्याची छोटी वाटी असते. ती खाली रिफ्लेक्टरकडे (बल्बमागच्या आरशाकडे) जाऊन तिथून वर उसळणारा प्रकाश अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जात नाही. एलईडीच्या चिप (उजेड देणारे छोटे तुकडे) नेमक्या त्या फिलामेंटच्या जागी नसतील तर रिफ्लेक्टर उजेड कुठेही फेकतो.

माझ्या बुलेटला बसवताना कॉलर (बल्ब धरणारी कडी) सैल करून चिप डाव्या-उजव्या बाजूंना आणल्या, वर-खाली नाही. मग रात्री गाडी भिंतीसमोर लावून बघायचं: लो बीमची वरची कडा स्पष्ट दिसलीच पाहिजे. पुसट असेल तर बल्ब सरळ परत करा. आणि हे मागे माणूस बसवूनही तपासा, वजन पडलं की झोत वर उचलतो.