मदत हवी आहे: लिबसी६ (बहुतेक प्रोग्राम वापरतात ती मूलभूत लायब्ररी) च्या अपडेटनंतर पूर्ण सर्व्हर रीबूट करणे आवश्यकच आहे का?

नमस्कार. आमच्या उबुंटू २२.०४ सर्व्हरवर नुकत्याच झालेल्या अपडेटमध्ये कर्नल (सिस्टमचा गाभा) नव्हते, तरीही लॉगिन करताच सिस्टम रीस्टार्ट करावी लागेल असा संदेश येतो. 'रीबूट-रिक्वायर्ड.पीकेजीएस' ही फाइल पाहिली असता तीत लिबसी६ एवढेच नाव आढळले.

विंडोजवर वापरात असलेली डीएलएल (सामायिक लायब्ररीची फाइल) सहसा जागच्या जागी बदलता येत नाही, म्हणून ते काम पुढच्या बूटवर ढकलले जाते, हे समजते. लिनक्सवर मात्र डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) नवी फाइल शेजारी लिहून तिला जुनीचे नाव देतो आणि जुनी फाइल, ती वापरणारी शेवटची प्रोसेस संपेपर्यंत, नावाविना डिस्कवर राहते. मग अडते कुठे? 'नीडरीस्टार्ट' (जुन्या लायब्ररीवर चालणाऱ्या सेवा शोधून त्या रीस्टार्ट करणारे साधन) चालवून बहुतेक सेवा पुन्हा सुरू केल्या. तरी 'एलएसओएफ'मध्ये (कोणती प्रोसेस कोणती फाइल वापरते हे दाखवणारी आज्ञा) जुन्या लिबसीपुढे 'डीईएल', म्हणजे फाइल काढून टाकलेली, अशी खूण असलेल्या डीबस (सेवांमधील संदेशवहन), लॉगिनडी (लॉगिन सत्रे सांभाळणारी सेवा) आणि कुणाच्या तरी टीमक्स (टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) सत्राच्या ओळी उरल्याच आहेत. दिवसा सर्व्हर बंद ठेवणे कठीण आहे. रविवारपर्यंत थांबलो तर चालेल का?

उत्तर: आपले निदान बरोबर आहे, अडते ते त्या उरलेल्या ओळींपाशीच. जुनी लिबसी धरून बसलेल्या प्रोसेसला सुरक्षा-दुरुस्तीचा काहीही लाभ होत नाही. जानेवारी २०१५ मध्ये लिबसीच्या 'गेटहोस्टबायनेम' या फंक्शनमधील 'घोस्ट' हा दोष उघड झाला तेव्हा फाइल बदलूनही सेवा जुन्याच प्रतीवर चालू राहिल्या असत्या, तर धोका तसाच राहिला असता. शिवाय एनएसएसची (वापरकर्ते व होस्ट यांची नावे शोधणारी लिबसीतील यंत्रणा) मॉड्यूल चालू प्रोग्राममध्ये गरज पडेल तेव्हा लोड होतात, त्यामुळे जुनी लिबसी आणि नवे मॉड्यूल यांची गाठ पडून लॉगिन किंवा नाव शोधणे बिघडू शकते. डीबस मध्येच रीस्टार्ट केल्यास त्याला जोडलेल्या इतर सेवांचे संपर्क तुटतात, म्हणून 'नीडरीस्टार्ट' त्याला आपणहून हात लावत नाही. रीबूट न करता दुरुस्ती लावणाऱ्या लाइव्हपॅचचाही येथे उपयोग नाही, कारण तो केवळ कर्नलपुरता असतो.

संदेशाची फाइल मात्र कोण काय वापरते हे तपासत नाही. पॅकेजची स्क्रिप्ट ती तयार करते आणि सेवा रीस्टार्ट केल्या तरी रीबूटपर्यंत ती तशीच राहते. बाहेरून पोहोचता येणाऱ्या सर्व सेवा, विशेषतः एसएसएच आणि वेब सर्व्हर, नव्या लिबसीवर आल्याची 'एलएसओएफ'ने खात्री करावी, टीमक्स सत्र बंद करवून घ्यावे आणि मग रविवारी रीबूट करावे.