मदत हवी आहे: जीपीए २.७, तरी एअर नॅशनल गार्डमध्ये पायलट व्हायचंय

न्यू जर्सीत राहतो, वय २७, जन्म इथलाच त्यामुळे सिटिझनशिपचा प्रश्न नाही. मेकॅनिकलची डिग्री झालीये पण जीपीए ४ पैकी २.७, पहिली दोन वर्षं पार वाया घालवली, नंतरचे मार्क बरे आहेत. फुलटाइम एअर फोर्स नकोय, नोकरी सांभाळून गार्ड किंवा रिझर्व्हमध्येच (एअर फोर्सच्या अर्धवेळ शाखा) विमान उडवायचंय. ट्रेनिंगनंतर १० वर्षांची कमिटमेंट असते हे माहितीये, आईलाही सांगून झालंय (तेच सगळ्यात अवघड होतं).

एएफओक्यूटी (एअर फोर्सची ऑफिसर होण्याची लेखी परीक्षा) दिली, पायलट स्कोअर ९९ पैकी ८८, टीबास (कॉम्प्युटरवरची पायलट कौशल्य चाचणी) पण झाली आणि पीसीएसएम, म्हणजे या परीक्षा आणि उड्डाणाचे तास मिळून निघणारा पायलट स्कोअर, ९९ पैकी ८१ आला. प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे, ७० तास झालेत. दोन स्क्वाड्रनना अर्ज केले, एकाकडूनही इंटरव्ह्यूचं बोलावणं नाही. फायटरचाच हट्ट नाही, टँकर (हवेत इंधन भरणारं विमान) किंवा सी-१७ (मालवाहू विमान) पण चालेल, दुसऱ्या राज्यातलं युनिट असलं तरी जाईन. रिक्रूटरला विचार म्हणू नका प्लीज, निवड शेवटी स्क्वाड्रनच करतं.

गार्ड-रिझर्व्हमध्ये कोणी असेल किंवा कोणाची मुलं सिलेक्ट झाली असतील तर सांगा, जीपीएबद्दल कव्हर लेटरमध्ये आपणहून लिहावं का विचारेपर्यंत गप्प बसावं? आणि हातात पैसे मोजकेच आहेत, ते मास्टर्सच्या एक-दोन कोर्सवर घालू की युनिटला प्रत्यक्ष भेटी द्यायला वापरू?